धावपट्टी दिसली, पण कोणाची? विमाने चुकीच्या विमानतळावर का उतरतात

नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळाची मुख्य धावपट्टी वायव्य-आग्नेय दिशेत आहे. नकाशावर पट्टी ठेवून तिची रेषा वायव्येकडे वाढवत नेली, तर ती महाराष्ट्राची सीमा ओलांडते आणि पांढुर्णा व सौंसर या दोन गावांच्या दरम्यान, पांढुर्ण्याच्या अधिक जवळून पुढे जाते. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यापासून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्याचे हे दोन तालुके. संत्र्याच्या बागांचा आणि मराठी बोलीचा हा मुलूख नागपूरपासून सरळ हवाई अंतराने सौंसरपाशी सुमारे ७० आणि पांढुर्ण्यापाशी सुमारे ८० किलोमीटर आहे. या बाजूने सरळ नागपुरात उतरू पाहणारे प्रवासी विमान पांढुर्ण्याच्या आसपास असताना साधारण बारा ते चौदा हजार फुटांवर असते आणि त्याची उंची सतत कमी होत असते. पुढील काही मिनिटांत वैमानिकाला समोरच्या भूप्रदेशातून एक राखाडी पट्टी ओळखून काढायची असते.

ही ओळख बहुतेक वेळा अचूक ठरते. क्वचित ती चुकते, आणि शेकडो प्रवाशांना घेऊन आलेले विमान भलत्याच विमानतळावर उतरते. ऐकताना ही गोष्ट विनोदी वाटते. प्रत्यक्षात तिच्यामागे दृष्टीचा, अपेक्षेचा आणि भूगोलाचा असा मेळ असतो की अनुभवी वैमानिकही त्यात फसतात. भारतातील या प्रकारच्या सर्वांत परिचित घटना महाराष्ट्रातच, मुंबईत घडल्या आहेत.

जुहूच्या धावपट्टीवर जेट

जुहूचा विमानतळ १९२८ साली सुरू झाला. देशातील नागरी विमान वाहतुकीचा आरंभ याच जागेशी जोडलेला आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन आले, ते जुहूलाच. दुसऱ्या महायुद्धानंतर शहराची मोठी हवाई वाहतूक सांताक्रूझला गेली आणि जुहू लहान विमानांसाठी उरले. दोन्ही विमानतळांमधील अंतर जेमतेम तीन-साडेतीन किलोमीटर.

१५ जुलै १९५३ रोजी ब्रिटिश विमान कंपनी बीओएसीचे कॉमेट जातीचे जेट सांताक्रूझऐवजी जुहूला उतरले. कॉमेट हे जगातील पहिले प्रवासी जेट. ते नियमित सेवेत येऊन तेव्हा सव्वा वर्षही झाले नव्हते. विमान सुखरूप थांबले, परंतु तेथून ते उडवून नेण्यास सुमारे नऊ दिवस लागले.

२४ सप्टेंबर १९७२ रोजी हीच चूक पुन्हा घडली आणि ती महागात पडली. लंडनहून टोकियोकडे निघालेल्या जपान एअर लाइन्सच्या ४७२ क्रमांकाच्या उड्डाणाचा एक थांबा मुंबईत होता. चार इंजिनांचे ते डीसी-८ विमान सांताक्रूझऐवजी जुहूच्या आखूड धावपट्टीवर टेकले, तिच्या टोकापर्यंत थांबू शकले नाही आणि पलीकडे घसरत गेले. काही जण जखमी झाले. सुदैवाने कोणाचाही मृत्यू झाला नाही. विमानाचे मात्र इतके नुकसान झाले की ते दुरुस्त करणे परवडण्यासारखे नव्हते. ते कायमचे मोडीत निघाले.

वारा एकच, म्हणून दिशाही एकच

दोन विमानतळ एकमेकांसारखे का दिसतात, याचे पहिले उत्तर वाऱ्यात आहे. विमान शक्यतो वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने तोंड करून उतरते व उडते, कारण त्यामुळे जमिनीच्या संदर्भातील वेग कमी राहतो. त्यामुळे धावपट्टी बांधताना त्या प्रदेशात वर्षभर कोणत्या दिशेचा वारा अधिक वाहतो, हे पाहिले जाते. शेजारच्या दोन विमानतळांना वारा एकच मिळतो, म्हणून त्यांच्या धावपट्ट्यांची दिशाही बहुधा जवळपास एकच निघते.

धावपट्टीचा क्रमांक या दिशेवरूनच ठरतो. चुंबकीय उत्तरेपासून मोजलेल्या अंशांना दहाने भागून जवळचा पूर्णांक घेतात. नागपूरची धावपट्टी एका टोकाकडून १४ आणि दुसऱ्या टोकाकडून ३२ आहे. म्हणजे पांढुर्ण्याच्या बाजूने येणारे विमान सुमारे १४० अंशांच्या दिशेने उतरते. मुंबईत सांताक्रूझच्या मुख्य धावपट्टीचा क्रमांक ०९-२७ आणि जुहूच्या धावपट्टीचा ०८-२६. दोन्ही पूर्व-पश्चिम. समुद्रावरून पूर्वेकडे तोंड करून येणाऱ्या वैमानिकाच्या होकायंत्रावर दोहोंसाठी जवळजवळ तोच आकडा असतो. शिवाय जुहू किनाऱ्याला लागून आहे, त्यामुळे ते आधी लागते. शोधत असलेली दिशा आणि दिसणारी पट्टी जुळली की मन पुढची चौकशी थांबवते.

डोळ्यांना अपेक्षितच दिसते

मनाच्या या सवयीला मानसशास्त्रात ‘पुष्टीचा कल’ म्हणतात. एकदा ‘हाच आपला विमानतळ’ असे ठरले की त्याला दुजोरा देणाऱ्या खुणा ठळक होतात आणि विसंगत खुणांचे काही ना काही स्पष्टीकरण शोधले जाते. धावपट्टी अरुंद वाटली, तर आपण अजून उंच आहोत असे वाटते. दिवे कमी दिसले, तर धुके असेल असे वाटते.

पांढुर्णा-सौंसरच्या भूगोलात ही गोष्ट सहज समजते. पूर्वीच्या काळी वैमानिक रेल्वेमार्ग, नद्या आणि रस्ते पाहत वाट काढत. या भागातून नागपूरकडे दोन रेल्वेमार्ग जातात: पांढुर्ण्यावरून येणारा इटारसीकडचा मुख्य मार्ग आणि सौंसरवरून येणारा छिंदवाड्याचा मार्ग. वरून पाहता दोन्ही सातपुड्याच्या उतारावरून मैदानाकडे जाणाऱ्या बारीक रेघा. ज्याला एक रेघ दिसण्याची अपेक्षा आहे, त्याला दुसरी दिसली तरी ती पहिलीच वाटू शकते. फरक कळण्यासाठी रेघेशिवाय दुसरी खूण पडताळावी लागते. विमानतळाच्या बाबतीतही हेच घडते.

रात्र ही अडचण वाढवते. दिवसा इमारती, टॅक्सीवे, उभी असलेली विमाने यांवरून विमानतळाचा आकार कळतो. रात्री अंधारात फक्त दिव्यांच्या दोन समांतर ओळी आणि एक फिरता प्रकाशझोत उरतो. लहान हवाई पट्टी आणि मोठा विमानतळ यांतील फरक अंधार पुसून टाकतो.

अमेरिकेतील दोन रात्री

ही चूक जुन्या काळापुरती उरलेली नाही. २०१३ साली नोव्हेंबरच्या २० तारखेच्या रात्री बोइंग ७४७ वर आधारलेले ‘ड्रीमलिफ्टर’ हे अवाढव्य मालवाहू विमान अमेरिकेतील विचिटा येथील मॅककॉनेल हवाई तळाकडे निघाले होते. ते उतरले तेथून काही मैलांवर असलेल्या जबारा या छोट्या विमानतळावर. दोन्ही धावपट्ट्या उत्तर-दक्षिण दिशेच्या होत्या. जबाराची धावपट्टी ६,१०१ फुटांची, म्हणजे या विमानाच्या मानाने तोकडी होती. दुसऱ्या दिवशी ते तेथून सुखरूप उडाले.

त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १२ जानेवारी २०१४ रोजी, साउथवेस्ट एअरलाइन्सचे ४०१३ क्रमांकाचे उड्डाण शिकागोहून मिसुरी राज्यातील ब्रॅन्सनकडे आले. बोइंग ७३७ विमानात १२४ प्रवासी होते. ब्रॅन्सन विमानतळाची धावपट्टी १४ क्रमांकाची आणि ७,१४० फूट लांब. विमान उतरले ते जवळच्या एम. ग्रॅहम क्लार्क विमानतळाच्या १२ क्रमांकाच्या, अवघ्या ३,७३८ फुटांच्या धावपट्टीवर. जुहूच्या धावपट्टीची लांबीही जवळपास एवढीच आहे. वैमानिकांनी जोरदार ब्रेक लावले आणि टोक जवळ आले असताना विमान थांबले. टोकापलीकडे जमीन उतरत जाते आणि खाली महामार्ग आहे.

थोडे गणित केले की धोका लक्षात येतो. असे विमान उतरताना ताशी सुमारे २५० किलोमीटर वेगात, म्हणजे सेकंदाला जवळपास ७० मीटर पुढे जात असते. ३,७३८ फूट म्हणजे सुमारे १,१४० मीटर. त्याच वेगात ही संपूर्ण धावपट्टी सोळा-सतरा सेकंदांत संपते. विमानाची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे वेग किंचित जास्त राहिला तरी थांबण्याचे अंतर बरेच वाढते. ओली धावपट्टी किंवा मागून येणारा वारा असता, तर ब्रॅन्सनची कथा वेगळी झाली असती.

उपकरणे असताना चूक कशी?

आजच्या कॉकपिटमध्ये गंतव्य विमानतळ संगणकात नोंदवलेला असतो आणि पडद्यावर विमानाची जागा दिसत असते. मोठ्या विमानतळांवर आयएलएस, म्हणजे उपकरणाधारित अवतरण यंत्रणा असते. ती दोन रेडिओ संकेत पाठवते: एक धावपट्टीची मध्यरेषा दाखवतो, दुसरा उतरण्याचा योग्य कोन, जो साधारण तीन अंशांचा असतो. हे संकेत ठरावीक विमानतळाचेच असतात. शेजारच्या धावपट्टीकडे वळताच काटा बाजूला सरकतो.

मग चूक होते कुठे? हवा स्वच्छ असली की वैमानिकाला दृश्य अवतरणाची परवानगी मिळते. ‘धावपट्टी दिसली’ असे त्याने कळवले की पुढचा मार्ग तो स्वतःच्या नजरेने ठरवतो. यात वेळ आणि इंधन वाचते, वाहतूकही सुरळीत राहते. मात्र उपकरणे चालू असली तरी त्यांच्याकडे पाहणे मागे पडते. ब्रॅन्सनच्या प्रकरणात अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाला हेच आढळले: गंतव्याची माहिती विमानात उपलब्ध होती, पण दिव्यांची ओळ दिसल्यानंतर तिच्याशी पडताळणी झाली नाही. विशेष म्हणजे अशा बऱ्याच घटना खराब हवामानात न घडता निरभ्र आकाशात घडतात. धुक्यात वैमानिक उपकरणांना धरून राहतो. स्वच्छ हवेत तो डोळ्यांवर विसंबतो.

जमिनीवरून नियंत्रकाने चूक पकडावी, अशी अपेक्षा असते. ती नेहमी पूर्ण होत नाही. रडारच्या पडद्यावर तीन किंवा दहा किलोमीटरचा फरक बोटभर असतो, आणि कमी उंचीवर विमान रडारच्या टप्प्याबाहेर जाऊ शकते. नियंत्रण मनोऱ्यातील माणूस आपल्या धावपट्टीकडे पाहत असतो. दुसरीकडे उतरणारे विमान रात्री त्याच्या नजरेस पडेलच असे नाही. उलट त्याने आधीच दिलेली उतरण्याची परवानगी वैमानिकाचा गैरसमज पक्का करते.

क्वचित चूक जमिनीवरच सुरू होते. ५ सप्टेंबर १९९५ रोजी नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे डेट्रॉइटहून फ्रँकफर्टला निघालेले विमान ब्रुसेल्सला उतरले. नियंत्रण यंत्रणेत त्याचे गंतव्य ब्रुसेल्स असे नोंदले गेले होते आणि वैमानिक मिळालेल्या सूचनांप्रमाणे जात राहिले. प्रवाशांना समोरच्या पडद्यावरील नकाशात विमान भलतीकडे चालल्याचे दिसत होते; कॉकपिटमध्ये ते उशिरा उमगले.

शेजारी विमानतळांची डोकेदुखी

लंडनमध्ये हीथ्रो आणि नॉर्थोल्ट हे दोन विमानतळ जवळजवळ आहेत. ऑक्टोबर १९६० मध्ये पॅन अमेरिकनचे बोइंग ७०७ हीथ्रोऐवजी नॉर्थोल्टच्या लष्करी विमानतळावर उतरले. अशा चुका टाळण्यासाठी तेथे एक साधा उपाय योजण्यात आला. वैमानिक खूण म्हणून ज्या प्रचंड गॅस टाक्या पाहत, त्यांच्यावर मोठी इंग्रजी अक्षरे रंगवण्यात आली: साउथहॉलच्या टाकीवर हीथ्रोसाठी ‘एल एच’, तर हॅरोकडच्या टाकीवर नॉर्थोल्टसाठी ‘एन ओ’. २९ मार्च २००६ रोजी रायनएअरसाठी चालवले जाणारे विमान उत्तर आयर्लंडमध्ये सिटी ऑफ डेरीऐवजी जवळच्या बॅलीकेली या लष्करी तळावर उतरले. ७ जुलै २०१६ रोजी डेल्टाचे विमान अमेरिकेत रॅपिड सिटीऐवजी एल्सवर्थ हवाई तळावर गेले.

झांबियातील घटना आपल्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. एप्रिल २०२१ मध्ये इथिओपियन एअरलाइन्सचे मालवाहू विमान एन्डोला येथील चालू विमानतळाऐवजी शेजारी बांधकाम सुरू असलेल्या नव्या विमानतळावर उतरले. नवी धावपट्टी रुंद, स्वच्छ आणि नजरेत भरणारी असते. जुनी तिच्यापुढे फिकी दिसते. जेथे जुन्या विमानतळाजवळ नवा उभा राहतो, तेथे संक्रमणाचा काळ विशेष सावधगिरीचा असतो.

असे प्रसंग किती घडतात? असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०१४ मध्ये अमेरिकेतील उपलब्ध अहवाल तपासले, तेव्हा १९९० च्या दशकाच्या आरंभापासून चुकीच्या विमानतळावर उतरण्याच्या किंवा उतरण्याच्या बेतात असण्याच्या किमान १५० घटना आढळल्या. त्यांपैकी ३५ मध्ये विमाने प्रत्यक्ष उतरली होती. दरवर्षी होणाऱ्या कोट्यवधी उड्डाणांपुढे हा आकडा नगण्य आहे. पण ज्या घटना वेळीच सावरल्या गेल्या, त्यांची संख्या उतरलेल्या विमानांच्या तिप्पट आहे, याकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

उतरलेले विमान परत कसे न्यायचे?

चुकीच्या, आखूड धावपट्टीवर थांबलेले विमान तेथून उडू शकेल का, हे त्याच्या वजनावर ठरते. हलक्या विमानाला हवेत झेपावण्यासाठी कमी वेग पुरतो आणि तो वेग कमी अंतरात गाठता येतो. म्हणून प्रवासी व सामान उतरवून रस्त्याने पाठवले जाते आणि जवळच्या मूळ गंतव्यापर्यंत पुरेल एवढेच इंधन ठेवले जाते. वारा, तापमान आणि धावपट्टीची भार पेलण्याची क्षमता तपासून मगच विमान उडवतात. उष्ण हवा विरळ असते आणि विरळ हवेत विमानाला अधिक धावावे लागते. विदर्भ-सातपुड्याच्या मे महिन्यात हा हिशेब आणखी कठीण होईल.

आपल्याकडचे प्रश्न

गोव्यात ५ जानेवारी २०२३ पासून मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली आणि लहानशा राज्यात दोन विमानतळ झाले. दाबोळी आणि मोपा, दोन्ही धावपट्ट्या साधारण पूर्व-पश्चिम आहेत. दोहोंत हवाई अंतर सुमारे ४० किलोमीटर असल्याने वैमानिकाचा घोटाळा होण्याची शक्यता जुहू-सांताक्रूझपेक्षा पुष्कळच कमी आहे. तिकिटावरील नाव न वाचता निघणाऱ्या प्रवाशाचा मात्र होऊ शकतो. मुंबई परिसरात ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. जुहू आजही हेलिकॉप्टर आणि लहान विमानांसाठी वापरात आहे.

मध्य भारतातही लहान हवाई पट्ट्या आहेत. छिंदवाड्याजवळ इमलीखेडा येथे अशी पट्टी आहे. महागडी आयएलएस यंत्रणा प्रत्येक लहान ठिकाणी बसवणे शक्य नसते. तेथे ‘गगन’ ही भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि इस्रो यांनी उभारलेली प्रणाली उपयोगी पडते. ती उपग्रहांकडून मिळणाऱ्या स्थानमाहितीतील त्रुटी सुधारून विमानाला अचूक मार्ग दाखवते. २८ एप्रिल २०२२ रोजी इंडिगोच्या विमानाने राजस्थानातील किशनगढ येथे या प्रणालीच्या साहाय्याने अवतरण केले. जमिनीवर यंत्रणा नसतानाही वैमानिकाला डोळ्यांव्यतिरिक्त दुसरा साक्षीदार मिळतो, हे तिचे महत्त्व.

उपायांची दिशा आता बऱ्यापैकी स्पष्ट झाली आहे. हवा स्वच्छ असली तरी उपकरणांवरील मार्ग चालू ठेवून नजरेला दिसणाऱ्या धावपट्टीशी तो ताडून पाहणे, उतरण्यापूर्वी जवळपासच्या फसव्या विमानतळांची आपसात चर्चा करणे आणि शंका येताच पुन्हा वर झेपावणे, हे वैमानिकांच्या शिस्तीचे भाग आहेत. काही विमानांतील यंत्रणा धावपट्टीजवळ येताच तिचा क्रमांक मोठ्याने उच्चारते. २०१४ च्या घटनांनंतर अमेरिकेच्या सुरक्षा मंडळाने नियंत्रकांसाठीही शिफारस केली: वाटेत गोंधळ घालणारा दुसरा विमानतळ असेल, तर विमान तो ओलांडून पुढे जाईपर्यंत उतरण्याची परवानगी देऊ नये. ही सूचना अमलात आणण्यासाठी नवे यंत्र लागत नाही. परवानगीचे तेच वाक्य थोडे उशिरा उच्चारायचे असते, आणि तेवढ्या वेळात वैमानिकाला समोरच्या पट्टीकडे पुन्हा एकदा पाहण्याचे कारण मिळते.